जुनी जपानी तलवार घ्यायची म्हणताय? मग आधी हे वाचा

टोकियोत येऊन मला अकरा वर्षं झाली, त्यातली सात तलवारींच्या नादात गेली. बायको त्याला लोखंडाचं खूळ म्हणते. पहिली तलवार मी ऑनलाइन लिलावात घेतली, १ लाख ४० हजार येनला, रात्री दीड वाजता, मोबाईलवर फोटो झूम करून करून. "जुन्या घराच्या कोठारात सापडलेली, साफसफाई न केलेली" असं लिहिलेलं, पात्यावर सुकेसादा या नामांकित घराण्याची सही, वर सरकारी रजिस्ट्रेशनचा कागद. मला वाटलं लॉटरी लागली. लॉटरी कसली, नंतर सांगतो काय झालं ते.

इथे जपानमध्ये राहणारे आपले बरेच जण विचारतात की आम्हालाही एक घ्यायचीय, कुठून सुरुवात करू. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. मी जाणकार नाही, ठेच लागलेला माणूस आहे एवढंच.

१. सहा महिने काहीही विकत घेऊ नका

हे कोणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. पण चांगलं पातं कसं दिसतं हे डोळ्यात बसल्याशिवाय वाईट पातं ओळखू येत नाही, सराफाकडे बसून बसून सोनं कळतं तसंच हे. उएनोच्या टोकियो नॅशनल म्युझियममध्ये तलवारींची स्वतंत्र खोली आहे, मुनेचिकाची मिकाझुकी आणि यासुत्सुनाची दोजिगिरी ही राष्ट्रीय खजिना मानलेली पाती याच म्युझियमची, पण ती कायम मांडलेली नसतात, आधी बघून जा. रयोगोकूला तलवार म्युझियम आहे, पूर्वी योयोगीला होतं, २०१८ साली इकडे आलं. सवड असेल तर ओकायामा भागातलं ओसाफुनेचं म्युझियम जरूर बघा. तिथल्या सेतोउची नगरपालिकेनं लोकांकडून पैसे गोळा करून २०२० साली सान्चोमो नावाची एक तलवार ५० कोटी येनला विकत घेतली. हो, नगरपालिकेनं. एवढं वेड आहे इथे.

काचेसमोर गुडघ्यात वाकून, खाली-वर होऊन बघा. लोक हसतील, हसू द्या. पात्यावर दिव्याचं प्रतिबिंब जिथे पडतं त्याच्या अगदी कडेला खरी मजा दिसते, सरळ उभं राहून नुसती चकाकी दिसते.

२. जुजबी शब्द

सरसकट "कताना" म्हणू नका. लांबीवरून नाव ठरतं. लांबी म्हणजे नागासा, ती पाठीवरच्या खाचेपासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायची, बाकावरून टेप फिरवायची नाही. एक शाकु म्हणजे ३०.३ सेंटीमीटर. एक शाकुच्या आत असेल तर तान्तो, एक ते दोन शाकु वाकिझाशी, दोन शाकु म्हणजे ६०.६ सेंमी किंवा जास्त असेल तर कताना किंवा ताची. ताची धार खाली करून कमरेला टांगायचे, कताना धार वर करून पट्ट्यात खोचायचे, आणि सही सहसा बाहेरच्या बाजूला असते, म्हणून सही कुठल्या बाजूला आहे यावरून मूळ काय होतं त्याचा अंदाज येतो.

काळाचे भाग: १५९६ च्या आधीच्या त्या कोतो, तिथून साधारण १७८० पर्यंत शिन्तो, मग १८७६ पर्यंत शिनशिन्तो. १८७६ ला तलवार कमरेला लावून फिरण्यावर बंदी आली आणि धंदाच बसला. त्यानंतरच्या त्या गेन्दाईतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तलवारी, गुन्तो, हा वेगळाच विषय, त्यावर शेवटी येतो.

कोतोमध्ये पाच मोठ्या परंपरा आहेत, यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो. पाठ करत बसू नका, बघत गेलात की आपोआप वेगळ्या दिसायला लागतात.

३. हातात घ्यायची पद्धत

दुकानदार तलवार हातात देतो तेव्हा तो तुम्हालाही पारखत असतो. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. आधी थोडं वाकून नमस्कार करा. म्यानातून काढताना धार वर, पाठ म्यानाला टेकवून एका दमात सरळ काढायची, वाकडी ओढलीत तर म्यान आतून कापलं जातं. पात्याला बोट लावायचं नाही म्हणजे नाही, घामाचा ठसा काही दिवसांत गंज होतो. आधार द्यायचा तर मऊ कापडावर. आणि पात्यावर तोंड करून बोलायचं नाही, थुंकीचा एक बारीक थेंब पुरतो.

मी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा पातं हातात धरून "वा, काय मस्त आहे" सुरू केलं होतं. दुकानाचे मालक म्हणजे एक आजोबा, त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून तलवार काढून घेतली, पुसली, आणि म्यानात घातली. परत बाहेर काढायला त्यांनी पुढचे तीन महिने लावले.

४. पातं वाचायचं कसं

याच आजोबांनी नंतर खोलीतली ट्यूबलाइट बंद केली, एकच जुना पिवळा बल्ब लावला आणि म्हणाले आता बघ. ट्यूबखाली जे पातं नुसतं पांढरट दिसत होतं त्यात बल्बखाली अक्षरशः लाकडासारखे रेषेचे वळसे दिसायला लागले. त्याला जिहादा म्हणतात. पोलाद दुमडून दुमडून ठोकल्यामुळे ते पोत येतं. फळीसारखे वळसे म्हणजे इतामे, गाठीसारखे गोल म्हणजे मोकुमे, सरळ रेषा म्हणजे मासामे. आपल्याकडच्या जुन्या तलवारींवर जौहर असतो ना, कल्पना तशीच, पण तिथे आम्लानं उठवलेला पोत असतो आणि इथे दगडावर घासून घासून काढलेला.

मग हामोन. पाणी द्यायच्या, म्हणजे तापवलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायच्या आधी पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते, आणि दोन्हीच्या सीमेवर जी रेषा उमटते ती हामोन. सरळ असेल तर सुगुहा, लाटांसारखी नोतारे, लवंगेच्या कळ्यांसारखी चोजी. ही चोजी बिझेनची खासियत.

इथे नवखा माणूस हमखास फसतो, मीही फसलो. पात्यावर जो पांढरा पट्टा लांबून दिसतो तो हामोन नाही! तो पॉलिश करणाऱ्यानं बारीक दगडानं पांढरा केलेला भाग असतो, हादोरी म्हणतात. बऱ्याचदा तो खऱ्या रेषेच्या जवळून जातो, कधी कधी चक्क लांबून. खरा हामोन बघायचा असेल तर पातं डोळ्यासमोर आडवं, टोक दिव्याकडे रोखून, हळूहळू तिरकं करत जा. एका कोनात पांढरा पट्टा गायब होतो आणि त्याच्या आत धुक्यासारखी किंवा बारीक चमकत्या कणांची रेषा उजळते. धुकं म्हणजे निओई, वेगळे दिसणारे कण म्हणजे निए. ही रेषा टोकापर्यंत न तुटता जायला हवी आणि टोकाशी वळून पाठीकडे परतायला हवी. नुसता आम्लानं रंगवलेला खोटा हामोन असेल तर तिरकं केल्यावर आत काहीच नसतं, कोरं करकरीत पोलाद. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं ना, की मग लिलावातल्या फोटोंकडे बघून हसू येतं, कारण फोटोत पट्टा दिसतो, रेषा दिसत नाही.

५. मूठ काढून आतलं बघा

मुठीत बांबूची एक खुंटी असते, मेकुगी. ती काढली की मूठ निघते आणि आतला भाग दिसतो, नाकागो. विकणारा मूठ काढून दाखवत नसेल तर तिथून उठा.

नाकागोवरचा गंज हा तलवारीचा जन्मदाखला आहे. जुना गंज काळपट, गुळगुळीत, घट्ट बसलेला. नवा गंज तांबूस, बोटाला लागणारा. तो साफ करायचा नाही! कोणी घासून चकचकीत केलेला नाकागो असेल तर किंमत तिथेच कोसळते.

सही म्हणजे मेई. आणि खोटी सही म्हणजे गिमेई, हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे, कालपरवाचा नाही, सामुराईंच्या काळापासूनचा. इथे म्हणच आहे की कोतेत्सु या नामांकित कारागिराची सही दिसली की खोटी समज. मासामुने, कियोमारो यांचीही तीच गत.

माझ्या सुकेसादाचं काय झालं तर, आजोबांनी भिंग दिलं आणि म्हणाले अक्षराच्या आत बघ. छिन्नीच्या खाचेतला गंज आजूबाजूपेक्षा फिकट, तांबूस होता. म्हणजे नाकागो आधी शंभर-दोनशे वर्षं गंजला आणि सही नंतर खोदली. संपला विषय, दोन मिनिटं लागली. वर त्यांनी सांगितलं की ही सही खरी असती तरी फार उड्या मारू नकोस, सुकेसादा नावाचे कारागीर डझनांनी होते, १६व्या शतकात लढायांसाठी घाऊक माल निघायचा. त्यावर नुसतं "बिशू ओसाफुने सुकेसादा" एवढंच असतं (बिशू म्हणजे बिझेन प्रांताचं छोटं नाव). ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या पात्यावर लांबलचक सही, प्रांताचं पूर्ण नाव, कारागिराचं स्वतःचं नाव, योसोझाएमोन वगैरे, असं सगळं असतं. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

गंमत म्हणजे तारीख असेल तर ती बहुतेक दुसऱ्या किंवा आठव्या महिन्यातलीच असते, तसा रिवाजच होता, त्यामुळे ती शब्दशः घेऊ नका.

सही नाही म्हणून नाक मुरडू नका. १४व्या शतकातल्या लांबलचक ताची पुढे मागच्या बाजूनं कापून छोट्या केल्या, त्यात सही गेली. त्याला ओ-सुरिआगे म्हणतात आणि त्या काळच्या पात्यात तो दोष धरत नाहीत. शिन्तो काळातली तलवार कापलेली असेल तर मात्र भाव पडतो.

६. कुठले दोष चालतात, कुठले नाही

हागिरे: धारेला काटकोनात गेलेली केसासारखी तडा. ही असेल तर कितीही सुंदर असू दे, ठेवून द्या. दिसायला महाकठीण, धार दिव्यासमोर धरून इंच-इंच सरकवत बघावी लागते.

जळालेलं आणि पुन्हा पाणी दिलेलं पातं, साईहा. आग लागली की कडकपणा जातो, मग परत पाणी देतात. १६१५ ला ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा जळालेल्या नामांकित तलवारींना यासुत्सुगु नावाच्या कारागिरानं असं परत पाणी दिलं, त्या इतिहास म्हणून मौल्यवान आहेत, पण तुमच्या-माझ्या बजेटमधली साईहा म्हणजे तोटाच. मुठीजवळ धारेच्या खाचेपासून तिरपी धुरकट सावली वर गेलेली दिसली तर संशय घ्या.

दमलेलं पातं: शेकडो वर्षं पॉलिश होऊन बाहेरचं चांगलं पोलाद झिजतं आणि आतलं मऊ लोखंड डोकावतं, खरबरीत डागासारखं. थोडंसं चालतं, जास्त नको.

बारीक फोड, जोडाची छोटी फट, धारेचा एखादा बारीक टवका, हे वय झालं की असणारच. भाव कमी करून घ्या आणि खुशाल घ्या.

आणि "गंज आहे पण पॉलिश करून घेऊ" हा हिशोब आधी कागदावर मांडा. चांगला तोगिशी, म्हणजे पॉलिश करणारा, लांबीवर पैसे घेतो, एका सुनला (साधारण ३ सेंमी) दहा हजार येनच्या वरच. कताना तेवीस सुनची धरली तर दोन-अडीच लाख येन तिथेच गेले, शिवाय नवं साधं लाकडी म्यान, शिरासाया, करावं लागतं आणि वाट बघायची ते वेगळंच. स्वतः घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका, हात जोडून सांगतो.

७. दोन कागद, दोन वेगळ्या गोष्टी

हा माझा सगळ्यात महाग धडा.

तोरोकुशो हा रजिस्ट्रेशनचा कागद, प्रीफेक्चरचं, म्हणजे इथल्या प्रांताचं, शिक्षण मंडळ देतं. त्यावर नंबर, प्रकार, लांबी, बाक, खुंटीची भोकं किती आणि सही काय हे लिहिलेलं असतं. हा नसेल तर तलवार जवळ ठेवणं हाच गुन्हा. पण त्यावर लिहिलेली सही म्हणजे "नाकागोवर अशी अक्षरं आहेत" एवढंच, ती खरी आहे असं नाही. मी सरकारी शिक्का बघून निर्धास्त झालो होतो!

दुसरा कागद पारखीचा. तलवार जतन संस्था, जिचं रयोगोकूचं म्युझियम आहे, १९४८ ची, ती परीक्षण करून पेपर देते. पायऱ्या चढत्या: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो, तोकुबेत्सु जूयो. गिमेई निघाली तर पेपर मिळत नाही. पहिल्या खरेदीला किमान होझोन असलेलीच घ्या. १९८२ च्या आधीचे "किचो" वर्गाचे जुने पेपर असतील तर त्यावर विसंबू नका, बाजारात त्यांना आज तेवढा मान नाही, नव्यानं परीक्षण करून घेतलं असेल तर बघा.

पेपरवरचा नाकागोचा फोटो आणि समोरचा नाकागो भोकासकट ताडून बघा. तोरोकुशोवरची लांबी स्वतः मोजा. जुळत नसेल तर नंतर मंडळाच्या चकरा तुम्हाला मारायच्यात.

८. कुठून घ्यायची, किती पैसे

पहिली तलवार दुकानातूनच, समोर बसून. शरद ऋतूत टोकियोत शिम्बाशीजवळ बिजुत्सु क्लबमध्ये तलवारींचा मोठा बाजार भरतो, देशभरातले डीलर येतात, एकाच दिवशी शंभर पाती हाताळायला मिळतात. पहिल्या वर्षी पाकीट घरी ठेवून जा.

मी बघतो त्या दुकानांत होझोन पेपरची बऱ्या स्थितीतली वाकिझाशी दोन-तीन लाख येनपासून मिळते, कताना पाच-सहा लाखांच्या खाली चांगली क्वचितच. वाकिझाशीच घ्या सुरुवातीला, तेच काम निम्म्या पैशात, आणि छोट्या घरात मावते.

लिलावात हे शब्द दिसले की सावध: "कोठारातून सापडलेली" (कोठारं कधीच रिकामी झालीत), "अमक्याची असावी असं म्हणतात", आणि "नो क्लेम, नो रिटर्न". शेवटचा माझ्या नशिबी होता.

९. घेतल्यावर वीस दिवस

मालक बदलल्याची सूचना २० दिवसांत द्यायची. तुम्ही राहता तिथल्या नाही, तोरोकुशो ज्या प्रीफेक्चरनं दिलाय तिथल्या शिक्षण मंडळाला. फॉर्म त्यांच्या साइटवर असतो, पोस्टानं पाठवला तरी चालतो. तोरोकुशो कायम तलवारीसोबत, नेआण करताना पिशवीत बांधून आणि कागद बरोबर. "मित्राला दाखवायला कमरेला लावून" वगैरे कल्पनाही करू नका.

घरात लागणारं सामान: मेकुगी काढायची छोटी हातोडी, तलवारीचं तेल (चोजी तेल म्हणतात), पुसायला मऊ कागद, मऊ कापड, आणि तोरोकुशो व पेपरची रंगीत झेरॉक्स वेगळ्या जागी. पावडरचा गोळा, उचिको, मिळतो पण चुकीच्या हातात त्यानं बारीक ओरखडे पडतात, आधी कोणाकडून शिका.

जुनं तेल पुसायचं, पातं तपासायचं, नवा अगदी पातळ थर द्यायचा, दोन-तीन महिन्यांनी एकदा. जूनच्या पावसाळी दिवसांत लवकर. पुसताना कायम पाठीकडून धरायचं.

आई आली होती तेव्हा दसऱ्याला तलवार बाहेर काढ म्हणाली, शस्त्रपूजा करू. ताटात हळद-कुंकू, फुलं, सगळं तयार. मी पात्यावर झोपायचाच बाकी होतो. शेवटी तोडगा निघाला, म्यान पाटावर ठेवलं आणि कुंकू पाटाला. "ही कसली तलवार, हात लावायचा नाही, बोलायचं नाही" असं म्हणत तिनं झेंडूचं फूल ठेवलं.

१०. भारतात न्यायची असेल तर

जपानमधून बाहेर काढायला सांस्कृतिक विभागाचं, बुंकाचोचं, निर्यात सर्टिफिकेट लागतं. अर्ज, फोटो, तोरोकुशो, आणि काही आठवडे धरून चाला, परतीच्या आठवड्यात धावपळ करून होत नाही. राष्ट्रीय खजिना किंवा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा असेल तर बाहेर नेताच येत नाही, पण ती चिंता आपल्याला नाही.

खरी अडचण आपल्या बाजूला आहे. आर्म्स ॲक्ट १९५९ खाली तलवार हे शस्त्र आहे, नऊ इंचापेक्षा लांब पातं त्यात येतं, आणि आयातीला परवाना लागतो. "शोभेची आहे" हे कस्टमवाल्याला सांगून चालत नाही. परवाना हातात नसेल तर तिकीट काढायच्या आधी तलवार डीलरला परत विका, दुकानातून घेतलेली असेल आणि पेपर असेल तर तो बरेचदा घेतो.

आणि जाता जाता एक. १९४५ ला ब्रह्मदेश आणि सिंगापुरात जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या तेव्हा ब्रिटिश हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांकडेही त्यातल्या काही आल्या. तुमच्या गावी पणजोबांच्या खोलीत तशी एखादी असेल तर त्या बहुतेक युद्धकाळात पाण्याऐवजी तेलात बुडवून कडक केलेल्या, कारखान्यातल्या गुन्तो असतात, जपानमध्ये त्यांचं रजिस्ट्रेशनसुद्धा होत नाही. पण काही अधिकारी घरातलं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून घेऊन जायचे. म्हणून कायद्याचं काय ते आधी वकिलाला विचारा, मग खुंटी काढून नाकागोचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, गंज आहे तसा राहू द्या, आणि घरातल्यांच्या हातात पितांबरी पडू देऊ नका.